जून ते जून: मराठवाड्यातील शाळेत पर्यावरण मंडळ उभे करताना

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पर्यावरण मंडळाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने सर्वांत आधी ही विसंगती नीट समजून घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. ५ जूनला मराठवाड्यातील काळी जमीन भेगाळलेली असते, पाऊस अजून आलेला नसतो, बोअरला पाणी नसते आणि मुले मामाच्या गावी असतात. तरीही त्या दिवसाच्या वृक्षारोपणाचा फोटो वरून मागितला जातो, म्हणून चार शिक्षक मिळून एक रोप लावतात आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावण्याची वेळ येते. एकाच खड्ड्यात सलग तीन वर्षे तीन रोपे लागलेली मी पाहिली आहेत. त्यांपैकी दोन वेळा खड्डा उकरणाऱ्यांत मी स्वतः होतो.

म्हणून या लेखात मंडळाचे वर्ष जून ते जून असे धरले आहे, आणि मंडळाला काम करता येत नाही अशा दिवसांपासून आखणीला सुरुवात केली आहे. हे दिवस दोन प्रकारचे आहेत: एप्रिल-मेची पाणीटंचाई आणि सुट्टी, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही गाव सोडतात तो काळ. बीड, धाराशिव, जालना या भागांतील शाळांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या दोन खिंडारांची सोय आधी लावली, तर मधले महिने सोपे जातात.

कागदपत्रे आणि सभासद

तुमच्या शाळेत मंडळ बहुधा कागदावर आधीच अस्तित्वात असते. केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित सेनेची योजना २००१-०२ मध्ये सुरू केली आणि तिच्यातून शाळाशाळांत इको क्लब स्थापन झाले. अलीकडे त्यांनाच ‘मिशन लाईफ’ची, म्हणजे पर्यावरणपूरक राहणीसाठीच्या केंद्राच्याच मोहिमेची जोड मिळाली आहे. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे आणि ते भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर बेतलेले आहे. त्यामुळे नवीन नाव, नवीन बोधचिन्ह यांत वेळ घालवण्याआधी मुख्याध्यापकांकडे जुनी नोंदवही मागावी. ती सापडली, तर आधीच्या कोणी काय केले आणि ते कुठे थांबले हे कळते. सापडली नाही, तर दोनशे पानी एक वही घेऊन पहिल्या पानावर तारीख टाकावी, म्हणजे स्थापना झाली.

सभासद पंचवीसच्या आत ठेवावेत आणि ते पाचवी ते आठवीचे असावेत. ज्यांना एका वर्षात शाळा सोडायची आहे अशा वरच्या वर्गातल्या मुलांवर सगळा भार टाकला, तर पुढच्या जूनमध्ये पाटी पुन्हा कोरी होते. निवड करताना केवळ पहिल्या बाकावरची मुले घेण्याचा मोह टाळावा. शेतात काम करणारी, गुरे वळणारी, वर्गात गप्प बसणारी मुले या कामात सरस ठरतात, कारण खुरपे कसे धरायचे आणि कोणत्या जमिनीत पाणी किती वेळ टिकते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. भेटीचा वार एकच आणि ठरलेला असावा. शनिवारची सकाळची शाळा सुटण्याआधीचा एक तास त्यासाठी उत्तम. ‘वेळ मिळेल तेव्हा भेटू’ असे ठरवलेले मंडळ गणपतीपर्यंतही टिकत नाही.

पहिला महिना फक्त मोजण्याचा

पहिल्या महिन्यात काहीही लावू नये, बांधू नये, रंगवू नये. या महिन्यात शाळेतला कचरा आणि पाणी एवढेच मोजावे. उत्साही शिक्षकाला हे नीरस वाटते, पण शाळेचा नेमका प्रश्न कोणता हे कळल्याशिवाय हाती घेतलेले काम दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नावरचे उत्तर ठरते.

कचऱ्याची मोजणी अशी करावी. सोमवार ते शनिवार शाळेतला सगळा झाडलोट-कचरा एका कोपऱ्यात, कोरड्या जागी, पोत्यांत साठवावा. खिचडीचे उरलेले अन्न मात्र रोजच्या रोज वेगळे मोजून घ्यावे, कारण ते आठवडाभर ठेवता येत नाही. शनिवारी मैदानात जुनी ताडपत्री अंथरून पोती त्यावर ओतावीत आणि मुलांनी काठ्यांनी व चिमट्यांनी कचऱ्याचे ढीग पाडावेत: पालापाचोळा, कागद व पुठ्ठा, प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या, चमकदार पुड्या, पेन व रिफिल, काच, पत्रा, चिंध्या, आणि शेवटी ‘हात लावायचा नाही’ असा एक ढीग. प्रत्येक ढीग ताणकाट्यावर तोलावा आणि नगही मोजावेत. वजन आणि नगसंख्या दोन्ही हवेत, कारण दोन्हींतून वेगवेगळी गोष्ट दिसते. वजनात पाला आणि कागद नेहमी पुढे असतात. संख्येत मात्र कुरकुरे-वेफर्सच्या दोन-पाच रुपयांच्या पुड्या आघाडीवर निघतात, आणि त्या वजनात जवळपास दिसतच नाहीत.

‘हात लावायचा नाही’ या ढिगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. गावातल्या शाळेच्या ओट्यावर रात्री मोठी माणसे बसतात आणि सकाळी तिथे गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटके, कधी फुटलेल्या बाटल्या सापडतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे मुलांना पुस्तकातून कळते आणि बंदी असलेली पुडी अंगणात दिसते. हा ढीग मुलांनी उचलू नये. त्याची फक्त मोजणी करावी, तो आकडा वहीत लिहावा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावा. मी एका बैठकीत हा आकडा काही न बोलता फळ्यावर लिहिला होता. ओट्यावर बसणाऱ्यांपैकी दोघे समितीतच होते. त्यानंतर ओटा पूर्णपणे स्वच्छ झाला असे नाही, पण कोपऱ्यात एक डबा आला.

इंजेक्शनच्या सुया, औषधाच्या बाटल्या, वापरलेले सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट हेही याच ढिगात जातात. मुलींच्या शौचालयातील सॅनिटरी पॅडचा कचरा मोजणीत मुळीच आणू नये. त्यासाठी झाकणाचा वेगळा डबा, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे आणि तो डबा रिकामा करणारी ठरलेली प्रौढ व्यक्ती एवढी व्यवस्था शिक्षिकांनी आधीच लावून द्यावी.

ओला कचरा

शाळेतल्या ओल्या कचऱ्याचे खरे मूळ पोषण आहारात असते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ या हिशेबाने खिचडी शिजते. सगळ्यांना एकाच डावाने एकसारखे वाढले, की लहान मुलांच्या ताटात अन्न उरते. खत करण्याआधी उष्टे कमी करावे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलून पहिलीदुसरीच्या मुलांना आधी अर्धा डाव आणि मग मागितले तर पुन्हा, अशी पद्धत पाडावी. उरलेल्या अन्नाची बादली रोज तोलून तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. उपदेशाचा एक शब्दही न बोलता तो आकडा उतरू लागतो. एवढे करूनही जे उरेल ते गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना द्यावे. तेल-मिठाचा शिजवलेला भात खड्ड्यात टाकला, तर वास सुटतो, उंदीर येतात आणि मागून कुत्री येतात.

खतासाठी योग्य माल म्हणजे भाजीची देठे-साले आणि आवारातला पाला. यासाठी नाडेप पद्धतीची छोटी प्रत शाळेला चांगली मानवते. नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हे नाव पडले. ते आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे. हिंगोलीच्या मुलांना तर ते अगदी गावशेजारी वाटतील. मूळ हौद दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असतो आणि हवा खेळती राहावी म्हणून त्याच्या विटांच्या भिंतीत जागोजागी भोके ठेवलेली असतात. शाळेला एवढा मोठा हौद भरता येत नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच असे दोन हौद, गाऱ्याऐवजी नुसत्या रचलेल्या विटांचे किंवा तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाचे केले तरी काम भागते. दोन अशासाठी, की एक भरत असताना दुसरा मुरत राहावा. एकच हौद असला, की तळाशी तयार खत आणि वर कालची साले, आणि काढायचे कसे हा प्रश्न उरतो.

तळाशी काटक्यांचा थर द्यावा. त्यावर तीन घमेली सुका पाला, एक घमेले ओला माल, त्यावर मूठ-दोन मूठ माती आणि शेणकाल्याचा शिंतोडा, या क्रमाने थर चढवत जावे. ओलाव्याची परीक्षा मुलांना मुठीने शिकवावी: मधला माल मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार आली तर सुका पाला कमी पडला आहे. हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडावे. तीनचार आठवड्यांनी लोखंडी गज मधोमध खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावा आणि त्याचे टोक बोटाने चाचपून पाहावे. ते कोमट लागले, की आत जिवाणू कामाला लागले आहेत हे मुलांना कळते. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा सहावीची एक मुलगी गज हातात धरून, “सर, याला ताप आलाय,” असे म्हणाली. कुजण्याची व्याख्या मी त्यानंतर कधी फळ्यावर लिहिली नाही.

साधारण तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते; उन्हाळ्यात ओल टिकत नसल्यामुळे जास्त वेळ लागतो. ढीग उलटण्याचे काम मोठ्यांनी, फावड्याने आणि पायांत बूट घालून करावे. पाल्याच्या ढिगात विंचू असतो, कधी सापही असतो. मुलांनी त्यात हात घालायचा नाही, हा नियम पहिल्याच शनिवारी सांगावा आणि दर शनिवारी सांगत राहावा.

सुका कचरा

कागद, पुठ्ठा, बाटल्या आणि पत्रा यांना भंगारात भाव आहे, म्हणून तो प्रश्न सोपा आहे. तीन पोती टांगावीत, गावात फेरी मारणाऱ्या भंगारवाल्याशी महिन्याचा एक वार ठरवावा, विक्रीचे पैसे मुलांसमोर मोजून वहीत लिहावेत. आदल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने काढून, दाभणाने शिवून कच्च्या कामाच्या वह्या कराव्यात. दिवाळीच्या आधी हे काम चांगले होते.

अवघड प्रश्न चमकदार पुड्यांचा आहे. त्यांत प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे काढणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. यावर शाळेत प्रामाणिक उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे पुडी शाळेत येऊच न देणे. मधल्या सुट्टीत शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा खडा, हंगामात बोरे, पेरू, ओला हरभरा आणावा, असा ठराव मुलांनीच करावा, आणि शाळेसमोरच्या दुकानदाराशी भांडण न करता त्याला फुटाणे-शेंगदाणे कागदी पुडीत विकायला सुचवावे. बंदी एकदम घालू नये. आठवड्यातून एक पुडीविरहित वार, मग दोन, अशा गतीने जावे.

एक मत येथे स्पष्टपणे मांडतो. पुड्या बाटलीत ठासून भरून त्यांच्या ‘विटा’ करण्याचा उपक्रम फोटोत छान दिसतो, पण त्यामुळे कचरा फक्त बाटलीत लपतो, आणि बाटली भरण्यासाठी मुले जास्त पुड्या विकत घेऊ लागतात हे मी पाहिले आहे. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ प्रदर्शनांचेही तसेच आहे: टाकाऊ बाटलीला सजवण्यासाठी नवी चमकी, नवा थर्माकोल आणि नवा गोंद बाजारातून येतो. असे प्रदर्शन भरवायचेच असेल, तर बाजारातून एकही वस्तू आणायची नाही अशी अट घालावी.

कचरा जाळू नये, हे सांगण्याची वेळ अजूनही येते. शाळेचे आवार झाडून झाल्यावर ढिगाला काडी लावणे ही जुनी सवय आहे आणि तिच्यात पाला, प्लास्टिक, रिफिल सगळे एकत्र जळते. जळत्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि तो नेमका वर्गांच्या खिडक्यांतून आत येतो. पालाही जाळायचा नाही, कारण तो आपल्या हौदाचा तीन चतुर्थांश माल आहे.

प्लास्टिकविषयीचे कायदे मुलांना माहीत असावेत. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्या यादीत स्ट्रॉ, चमचे, फुग्यांच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे व थर्माकोलची सजावट आहे. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी मुलांनी गावातल्या दुकानांत कोणते झेंडे आहेत हे पाहून यावे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे फलकही त्याच यादीत आहेत, म्हणून मंडळाच्या उद्घाटनासाठी फ्लेक्स छापायचा विचार असेल तर तो तिथेच सोडावा; जुन्या चादरीवर गेरू आणि चुन्याने लिहिलेला फलक कितीतरी वर्षे वापरता येतो.

लातूर-धाराशिवकडच्या मंडळांसाठी वेळ अमावस्या ही मोठी संधी आहे. त्या दिवशी सारा गाव शेतात जेवायला जातो; भज्जी, उंडे आणि आंबिलीचा बेत होतो, आणि दुसऱ्या दिवशी बांधाबांधावर कागदी-प्लास्टिकच्या ताटल्या आणि ग्लास उडताना दिसतात. आधीच्या शनिवारी मुलांनी घराघरांत जाऊन स्टीलची ताटे व तांबे नेण्याची आठवण करावी, किंवा पळसाच्या पत्रावळी लावायला आजीकडून शिकून घ्यावे. यात कोणाचा सण बिघडत नाही, उलट आंबील मातीच्या बिंदग्यातून स्टीलच्या पेल्यात घेतलेलीच चांगली लागते असे आजी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मुलांच्या घोषणांपेक्षा लवकर पटते.

पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. आज शाळेत असलेल्या मुलांना ते आठवत नसणार, म्हणून ही गोष्ट त्यांच्या आईवडिलांना विचारून लिहून आणायला सांगावी. मग वर्गात पुढचे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. शेजारच्या दोन वर्गखोल्यांचे छत टेपने मोजावे. समजा ते ९० चौरस मीटर भरले. पावसाळ्यात ६०० मिमी पाऊस झाला, तर त्या छतावर ५४,००० लिटर पाणी पडते, आणि त्यातले वीस टक्के वाया गेले तरी ४३,००० लिटर उरते. अशा बारा छतांवरचे एका पावसाळ्याचे पाणी म्हणजे ती पहिली रेल्वेगाडी. हा हिशेब मुलांनी स्वतः केला, की छताच्या पन्हळीकडे त्यांची नजर आपोआप जाते.

हे सगळे पाणी साठवण्याइतकी टाकी शाळेला परवडत नाही आणि तशी गरजही नाही. पन्हळीचे पाणी पाइपने खाली आणून, पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी बाहेर सोडून, त्यापुढचे गाळणी-खड्ड्यातून बोअरशेजारी मुरवावे. गाळणी-खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असावी. हे काम ग्रामपंचायतीच्या मदतीने आणि जाणकार गवंड्याकडूनच करून घ्यावे. छतावर चढण्याचे काम मुलांना कधीही देऊ नये.

मुलांच्या हातातली दोन कामे मात्र लगेच सुरू होतात. पहिले काम गळक्या नळाचे: नळाखाली एक लिटरची बाटली ठेवून ती किती मिनिटांत भरते हे पाहावे आणि त्यावरून दिवसाची गळती काढावी, हा आकडा लिहिलेला अर्ज ग्रामपंचायतीत दिला, की ‘नळ गळतो’ एवढ्याच तक्रारीपेक्षा वॉशर लवकर मिळतो. दुसरे काम शाळा सुटतानाचे: दारात एक बादली ठेवावी आणि प्रत्येक मुलाने आपल्या बाटलीत उरलेले पाणी तिच्यात ओतून घरी जावे. शंभर मुलांच्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर उरले, तरी दहा लिटर जमते. पुढे झाडांच्या मडक्यांना हेच पाणी लागणार आहे. ताटे धुण्याचे पाणी साबण नसेल तर परसबागेतल्या शेवग्याला आणि केळीला सोडावे.

झाडे

एवढे झाल्यावर झाडांकडे वळावे, आणि वळताना संख्या कमी ठेवावी. पहिल्या वर्षी दहा झाडे पुरेत. शंभर लावून चार जगवण्यापेक्षा दहा लावून आठ जगवणे मुलांच्या मनाला फार चांगले, कारण वाळलेल्या झाडांची रांग रोज पाहणाऱ्या मुलाला आपल्या हातून काही जगत नाही असे वाटू लागते. ही खंत आम्ही एका वर्षी पुरेपूर अनुभवली.

खड्डे दोन फूट लांब, रुंद आणि खोल, शक्यतो उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावेत; त्यात शेणखत किंवा आपल्या हौदातले खत आणि वरची माती मिसळून भरावी. जमीन चिबड असेल तर तळाशी खडे-मुरूम टाकावा, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबून मुळे कुजतात. लागवड पाऊस स्थिरावल्यावर, वीतभर ओल गेली आहे हे उकरून पाहिल्यावर करावी. हे बहुधा जुलैत जमते. ५ जूनचा कार्यक्रम करणे भाग असेल तर त्या दिवशी खड्डे भरावेत आणि त्याचाच फोटो पाठवावा. रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून घ्यावीत, कमरेइतकी उंच आणि खोड जाड झालेली.

जाती निवडताना आपल्या शिवारात आपोआप उगवणारे काय आहे ते पाहावे: कडुनिंब, करंज, चिंच, आपटा, बोर, उंबर, शिवाय सीताफळ, जे बालाघाटाच्या डोंगरात कोणी न लावता वाढते. वड-पिंपळ वर्गखोल्यांपासून दूर लावावेत. वेगाने वाढते म्हणून सुबाभूळ आणि निलगिरी घेण्याच्या फंदात पडू नये. आपटा आवर्जून लावावा, कारण दसऱ्याला सोने म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनाची पाने वाटली जातात. दोन्हींची पाने शेजारी ठेवून फरक दाखवणे हा चांगला अर्ध्या तासाचा पाठ आहे.

शेळीपासून संरक्षण पहिल्या दिवसापासून हवे. लोखंडी पिंजरे महाग असतात आणि चोरीलाही जातात. बोराटीचे किंवा बाभळीचे काटे रोपाभोवती गोल रोवून, मध्ये तुराट्या बांधल्या की दोन हंगाम निभतात. पाऊस संपताच रोपाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर, तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि सभोवती पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरावे. मडक्यातले पाणी वातीतून हळूहळू मुळांशी जाते, वरून घातलेल्या पाण्यासारखे उन्हाने उडून जात नाही. यासाठी दवाखान्यातल्या वापरलेल्या सलाइनच्या बाटल्या आणण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो दवाखान्याचा कचरा आहे, मुलांच्या हातात तो देऊ नये.

झाडाची जबाबदारी एकेकट्या मुलाला न देता जोडीला द्यावी. जोडीतील एक मूल तोडीला जाणाऱ्या कुटुंबातले आणि दुसरे गावात राहणारे असावे. दिवाळीपूर्वीच्या शनिवारी जाणाऱ्या मुलाने झाडाची उंची दोरीने मोजून, दोरीला गाठ मारून ती आपल्याबरोबर न्यावी. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आल्यावर तीच दोरी झाडाला लावून पाहावी. ही कल्पना माझी नाही, ती एका मुलाची आहे, ज्याला कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत राहून आपल्या करंजाची काळजी वाटत होती. या मुलांचे नाव मंडळाच्या यादीतून कधीही खोडू नये.

मे महिन्याची पाळी मार्चमध्येच लावावी. शाळेजवळ राहणारी पाचसहा घरे निवडून, प्रत्येक घराकडे दोन झाडे आणि आठवड्यातून दोन वेळा मडके भरणे, असे ठरवून पालकांची संमती घ्यावी. टँकर चालू असलेल्या गावात पिण्याचे पाणी झाडांसाठी मागू नये, भांडी-धुण्याचे चालेल. तेवढेही मिळणार नसेल, तर पुढच्या वर्षी दहाऐवजी पाच झाडे लावावीत.

पैसा

खर्च फार नसतो. ताणकाटा, दोन घमेली, चार खुरपी, मडकी आणि पोती यांपलीकडे पहिल्या वर्षी काही लागत नाही. समग्र शिक्षा योजनेत युवा व इको क्लबसाठी तरतूद असते, तिची चौकशी गटसाधन केंद्रात करावी. पन्हळ, शोषखड्डा अशी कामे ग्रामपंचायतीला वित्त आयोगातून पाणी व स्वच्छतेसाठी मिळणाऱ्या निधीत बसू शकतात, म्हणून ती ग्रामसभेच्या आराखड्यात वेळेवर घालावीत. त्यासाठी सरपंचांना मोजणीची वही दाखवावी. रद्दीच्या पैशातून वर्षाखेरीस मुलांना जवळचे अभयारण्य दाखवून आणता आले तर उत्तम: बीडकरांना नायगावचे मोर, धाराशिवकरांना येडशीचा रामलिंग घाट, पैठणच्या बाजूला जायकवाडीचे पाणपक्षी. पक्ष्यांसाठी हिवाळा योग्य.

पुढचा जून

शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी नवे सभासद घेण्याआधी जुन्या सभासदांनी वही उघडावी. आदल्या जुलैप्रमाणेच आठवडाभराचा कचरा तोलावा, पुड्या मोजाव्यात, उष्ट्याच्या बादलीचा आकडा पाहावा, हौदातले खत किती घमेली निघाले ते लिहावे आणि झाडांसमोरून एक फेरी मारावी. मेलेल्या झाडापुढे मेले असेच लिहावे. कारण कळत असेल तर तेही लिहावे, शेळी, वाळवी, पाणी, की विसरणे. पण झाड मेले असे ठरवण्याआधी खोडाची साल नखाने खरवडून आत हिरवे आहे का ते पाहावे. मागच्या जूनमध्ये मी यादीत एका आपट्यापुढे फुली मारली होती. तो ज्यांच्याकडे होता त्यांच्यातला एकजण काट्यांत वाकून बसला होता, तो उठला आणि म्हणाला, “सर, थांबा, वरून वाळलंय, पर खालून फुटवा आलाय.” फुली खोडून पुढे त्याची उंची लिहिली: चार बोटे.